दस्तुरी नाक्याच्या पुढे

बावीस वर्षं मी नेरूळला राहते. पाम बीच रोड घरापासून हाकेच्या अंतरावर. म्हणायचं आपलं, कारण तिथे हाक मारली तर शेजारच्याला ऐकू येत नाही! आणि माथेरान? "जवळच तर आहे, जाऊ कधीतरी." या कधीतरीत बावीस वर्षं गेली.

गेल्या मंगळवारी गेले. ठाण्याला गाडी बदलून कर्जत लोकल, नेरळहून शेअर टॅक्सी, घाटातली वळणं मोजता मोजता दस्तुरी नाका. "उतरा ताई, इथून पुढे गाडी नाही."

नाही म्हणजे नाहीच! मोटार नाही, स्कूटर नाही. नगरपालिकेची पावती फाडायची आणि चालू लागायचं. बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटरवर.

पहिल्या पाच मिनिटांत मी चारदा मागे वळून पाहिलं. कडेकडेनं, अंग चोरून चालत होते. मग एक बाई डोक्यावर बोचकं घेऊन रस्त्याच्या अगदी मधोमध, गप्पा मारत, आरामात पुढे गेली, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मागून काही येणारच नव्हतं! मीही मधोमध आले. रस्त्याच्या मध्यावरून चालण्यात एवढं सुख असतं? कानांना तर आधी काही सुचेचना. मग एकेक उलगडायला लागलं. लांबून घोड्याच्या टापा, मागे कुणाच्यातरी चपलांची फटफट, वर जांभळीच्या झाडात माकडांची भांडणं. पन्नास पावलांवरच्या दोन म्हाताऱ्यांचं कुजबुजणं मला शब्दन् शब्द ऐकू आलं. (सुनेबद्दल होतं. सांगणार नाही.)

ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये हा डोंगर चढला तेव्हा मोटारीचा जन्मही झाला नव्हता. १९०७ मध्ये नेरळहून छोटी गाडी वर आली. मोटारीला मात्र दस्तुरीच्या पुढे मज्जावच राहिला, आणि २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. रुग्णवाहिकेसारख्या आपत्कालीन वाहनांना तेवढी मुभा. आणि गाव चालतंय की! शाळा, दुकानं, हॉटेलं, सिलिंडर, सगळं.

पण चालतंय कुणाच्या जिवावर, हे पाहिल्यावर माझा उत्साह जरा ओशाळला. इतकी वर्षं इथे माणसं हातरिक्षा ओढत आली. चढावर एक पुढून ओढणार, बाकीचे मागून ढकलणार, आत बसणार माझ्यासारखं कुणीतरी. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये सहा महिन्यांत हे थांबवायला सांगितलं आणि ई-रिक्षांचा मार्ग दाखवला. ई-रिक्षा म्हणजे गाडीच ना, म्हणून नाक मुरडणारे आहेत. मला विचाराल तर माणसानं माणूस ओढण्यापेक्षा बॅटरी बरी. संख्या आटोक्यात राहिली की झालं.

परतीच्या लोकलमध्ये डोक्यात एकच भुंगा. मार्च २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी मरीन ड्राइव्हसह काही रस्ते रविवारी सकाळी मोटारींना बंद केले, तेव्हा पोरं भर रस्त्यात क्रिकेट खेळली. कोलंबियातल्या बोगोटात तर १९७४ पासून हे चालू आहे, आता दर रविवारी शंभराहून जास्त किलोमीटर रस्ते सायकलवाल्यांचे आणि चालणाऱ्यांचे. मग वाशी ते बेलापूर आपला पाम बीच रोड, खाडीकडची एकच बाजू, रविवारी सकाळी सहा ते आठ? पहाटे जीव मुठीत धरून तिथे सायकल मारणारी पोरं मी रोज बघते. दोन तास द्या त्यांना!

तोवर तुम्ही माथेरानला जाऊन या. फक्त शनिवार-रविवार टाळा. त्या दोन दिवशी दस्तुरी नाक्यावर गाड्या लावायला जागा मिळत नाही.