दहांपैकीं किती?

अध्यापनाच्या धंद्यांत माणसाची उमर गेली, कीं जगांतील बहुतेक दुःखांचें मूळ त्याला अज्ञानांत दिसूं लागतें, आणि त्यावर उपाय म्हणून व्याख्यान सुचतें. माझ्या भाचीला ल्युपसचा आजार जडला, तेव्हां आमच्या घरांत व्याख्यात्यांची वानवा पडली नाहीं. ऊन टाळ, विश्रांति घे, औषध चुकवूं नकोस! सारे उपदेश बरोबर होते. आणि ते ऐकून ती दिवसेंदिवस अबोल होत होती.

ल्युपस हा लॅटिन शब्द, अर्थ लांडगा. शरीराच्या रक्षणासाठीं असलेलें सैन्यच या रोगांत स्वकीयांवर उलटतें. कधीं सांध्यांवर, कधीं त्वचेवर, कधीं मूत्रपिंडांवर. दहा रोग्यांत नऊ स्त्रिया, आणि त्याहि बहुधा ऐन उमेदीच्या वयांतल्या. रोग समूळ जात नाहीं. दबून राहतो व पुनः उसळतो. डॉक्टरांची गांठ पडते ती महिन्या-दोन महिन्यांनीं, घटकाभर. उरलेला सारा काळ आपल्या देहाचा कारभार रोग्यालाच पाहावा लागतो.

हा कारभार शिकवितां येईल काय? १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत केट लॉरिग या विदुषीनें संधिवाताच्या रोग्यांसाठीं असे वर्ग काढले. मुदत सहा आठवडे. शिकविणारीं सामान्य माणसें, पुष्कळदां स्वतःच रोगी. पुढें ल्युपसच्या रोग्यांसाठींहि तसे वर्ग निघाले. या प्रयोगांतून निघालेला एक निष्कर्ष मला फार विचार करावयास लावतो. वर्गांत येणाऱ्यांना बरें वाटूं लागलें खरें. पण त्यांनीं व्यायाम किती वाढविला, याच्याशीं त्या सुधारणेचा मेळ नीट बसेना. मेळ बसला तो ‘हें आपल्याला जमेल’ या भरंवशाशीं.

म्हणून या वर्गांत दर आठवड्याला प्रत्येकानें एक छोटा बेत करावयाचा असतो : काय करणार, किती, केव्हां, किती दिवस. आणि शेवटीं प्रश्न : हें जमेल असें दहांपैकीं किती वाटतें? उत्तर सातांहून कमी आलें, तर दोष बेताचा. बेत लहान करावा.

या पद्धतीची एक पुस्तिका भाचीच्या हातीं आली. उन्हें चढण्यापूर्वीं, आठवड्यांतून पांच दिवस, वीस मिनिटें चालण्याचा बेत तिनें मांडला आणि म्हणाली, “मामा, माझे पांचच भरतात.” मग तिनेंच तीन दिवस व दहा मिनिटें ठरविलीं. “आतां आठ.” आमच्या परीक्षांत असा प्रश्न कधीं विचारलेला मला आठवत नाहीं.

इंग्रजी वाङ्मय शिकवितांना मला येथें फ्लॅनरी ओकॉनर आठवते. जॉर्जियांतील या लेखिकेच्या वडिलांना १९४१ सालीं ल्युपसनें नेलें, आणि पुढें तिलाहि त्यानेंच गांठलें. शक्ति थोडी, ती तिनें सकाळच्या दोन-तीन तासांच्या लेखनासाठीं राखून ठेवली. कुबड्या घेऊन ती वावरली, मोर पाळले, आणि १९६४ सालीं, एकोणचाळीसाव्या वर्षीं, वारली. पण तोंवर तिच्या उत्तम कथा लिहून झाल्या होत्या.

भरंवसा औषधाची जागा घेत नाहीं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्यानें डोळे वेळोवेळीं तपासून घ्यावे लागतात; स्टेरॉइड मनानें एकदम थांबवितां येत नाहीं. परंतु हे नियम पाठ असणें निराळें, आणि वेळ येतांच आपण होऊन हालचाल करणें निराळें. गेल्या मार्गशीर्षांत पायांची सूज आणि लघवीचा फेस पाहून भाचीनें त्याच सकाळीं डॉक्टरांना फोन केला, आणि मूत्रपिंडांवरचा हल्ला वेळींच आवरला. आम्ही सारे उपदेशक त्या वेळीं एका लग्नासाठीं परगांवीं गेलों होतों.