चहा आणि चाळीशी

चहाच्या निमंत्रणाइतके सोपे निमंत्रण आपल्या समाजात दुसरे नाही. जेवणाला बोलवावयाचे तर आदल्या दिवसापासून तयारी करावी लागते. हळदीकुंकवाला बोलवावयाचे तर कोणाला बोलवावे आणि कोणाला वगळावे, याविषयीची जुनी रूढी आड येते. चहाला मात्र कोणीही येऊ शकते. शेजारच्या गुजराती भाभी, वरच्या मजल्यावरील बंगाली शिक्षिका, काका वारल्यापासून हळदीकुंकवाला जाण्याचे सोडून दिलेल्या आमच्या काकू, या सर्वांना एका सतरंजीवर बसविण्याचे सामर्थ्य एका कपात आहे. या सामर्थ्याचा काही सार्वजनिक उपयोग करून घेता येईल काय, असा विचार आम्हां चार-पाच जणींच्या मनात आला आणि त्यातून जबलपूर येथील आमच्या घरी एक चहापान झाले. त्याची हकीकत इतर गावांतील भगिनींना उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून ती येथे देत आहे.

जबलपुरात मराठी माणूस आजचा नाही. १८१७ साली इंग्रजांनी घेईपर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. पुढे मध्यप्रांताची राजधानी नागपूर असल्याने नोकरीच्या निमित्ताने कुटुंबांचे येणे-जाणे चालूच राहिले. १९५६ साली नवे मध्यप्रदेश राज्य होऊन त्याचे उच्च न्यायालय जबलपूरला स्थापन झाले, तेव्हा आमचे आजेसासरे नागपूरचे बिऱ्हाड हलवून येथे आले. भाषा हिंदीत मिसळली, पण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत वाण लुटण्याची चाल काही सुटली नाही. दरवर्षी प्रत्येक घरी प्लॅस्टिकच्या वाट्या, चाळण्या, कंगवे असे काही ना काही येते आणि माळ्यावर जाते. यंदा वाण न लुटता त्याचे पैसे एका पेटीत टाकावे आणि ते डोळ्यांच्या कामी लावावे, ही सूचना काकूंची.

डोळेच का, हे सांगावयास हवे. आमच्याकडे भांडी घासावयास येणाऱ्या बाईंच्या सासू विड्या वळतात. त्यांना सर्वजण अम्मा म्हणतात. जबलपूर आणि आसपासच्या भागात हा धंदा फार जुना असून घरोघरीच्या बायका तो ओसरीवर बसून करतात. तेंदूचे पान भिजवावयाचे, पत्र्याच्या फर्म्याच्या मापाने कातरावयाचे, त्यात चिमूटभर जर्दा भरून ते वळावयाचे, दोऱ्याने बांधावयाचे आणि तोंड मुडपावयाचे. हाताने हजार विड्या होतात तेव्हा एक हजाराची मजुरी पदरात पडते. परंतु सट्टेदार माल घेताना तो पारखतो आणि सैल, वाकड्या, शिरा आलेल्या विड्या छाट म्हणून बाजूला काढतो. त्यांची मजुरी मिळत नाही. अम्मांची छाट दोन वर्षांपासून वाढत चालली होती. पानाची शीर दिसेना, दोऱ्याचा फेरा दिसेना. शेवटी सट्टेदाराने पान देणे बंद करण्याचा इशारा दिला, तेव्हा घरात एक तोड काढण्यात आली. पाचवीत शिकणाऱ्या अकरा वर्षांच्या नातीला शाळेतून काढून पाने कातरावयास आजीजवळ बसविले.

ही गोष्ट आम्हांस बाईंकडून सहज बोलता बोलता कळली. त्यांच्या मते त्यात विशेष काही नव्हते. म्हाताऱ्या माणसाची नजर जाते आणि लहान माणूस त्याच्या जागी बसते, एवढाच त्यांचा हिशेब होता.

वस्तुतः अम्मांची नजर गेलेली नव्हती. डोळ्यांच्या आत जे भिंग असते ते तरुणपणी मऊ असते. जवळचे पाहताना ते फुगीर होते, दूरचे पाहताना चपटे होते. वयाबरोबर ते कठीण होत जाते आणि चाळिशीच्या सुमारास जवळचे अक्षर धूसर दिसू लागते. हा रोग नव्हे. हे केस पिकण्यासारखे आहे आणि ते प्रत्येकाच्या वाट्याला येते. मराठीने तर त्या वयाचे नावच चष्म्याला देऊन टाकले आहे. आपण ‘चाळिशी लागली’ असे हसत म्हणतो, दुकानातून एक चष्मा आणतो आणि पुन्हा वर्तमानपत्र उघडतो. ज्यांचे पोट डोळ्यांजवळ धरलेल्या कामावर चालते आणि ज्यांच्या वस्तीत चष्म्याचे दुकान नाही, त्यांना हीच गोष्ट कामातून उठविते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दृष्टीविषयी जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यानुसार जवळचे दिसत नसून चष्माही नाही, अशा माणसांची संख्या जगात सुमारे ८२ कोटी ६० लक्ष होती.

आमच्या पहिल्या बैठकीत मात्र एकमत झाले नाही. काही जणींचा आग्रह असा की, पैसे द्यावयाचे तर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी द्यावे. चष्मा ही किरकोळ वस्तू आहे. त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशी उलटलेल्यांमधील अंधत्वाच्या सुमारे ६६ टक्के प्रकरणांचे कारण मोतीबिंदू हेच आढळले. परंतु मोतीबिंदूसाठी १९७६ पासून राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम चालू असून सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया विनामूल्य होते. चाळीशीकडे मात्र कोणाचेच लक्ष जात नाही. आमच्यासारख्या चार घरांच्या ऐपतीत बसणारे काम तेच होते. शेवटी असे ठरले की, तपासणी सर्वच डोळ्यांची करावी, चष्मे द्यावे, आणि मोतीबिंदू निघेल त्यांना रुग्णालयापर्यंत पोचवावे.

चहापानाचा खर्च वर्गणीतून करावयाचा नाही, हा पहिला नियम आम्ही केला. खर्च वाढला की पेटीत काय उरणार? माघातले दिवस होते. पाटण आणि शहापुऱ्याकडील हिरवा मटार बाजारात भरपूर आला होता. एकीने मटाराच्या करंज्या केल्या, दुसरीने तिळाच्या वड्या, तिसरीने गोड शिऱ्याची पातेली आणली. गुजराती भाभींनी जबलपूरची प्रसिद्ध खव्याची जिलबी आणली. चहा आमचा. बिस्किटांच्या रिकाम्या डब्याला वर चीर पाडून, कापडाने मढवून तो दाराशी ठेवला. दहा रुपये कोणी टाकले आणि हजार कोणी, हे कोणास दिसू नये, हा दुसरा नियम. मोठ्या देणगीची जाहीर घोषणा झाली की लहान देणगीचा हात आखडतो.

एकतीस जणी आल्या. चहा हाती आल्यावर काकूंनी जे सांगितले ते मला फार समर्पक वाटले. त्यांनी आसामच्या चहामळ्यांत झालेल्या एका प्रयोगाची माहिती सांगितली. २०१८ साली लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. चाळिशी ओलांडलेल्या ७५१ मळेकामगारांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट करण्यात आले. एका गटास जवळचे पाहण्याचे साधे, स्वस्त चष्मे लगेच दिले. दुसऱ्यास प्रयोग संपल्यावर दिले. चष्मा मिळालेल्यांची दिवसाची खुडणी सरासरी २५ किलोंवरून जवळजवळ ३५ किलोंवर गेली. दुसऱ्या गटाची खुडणी २६ वरून साडेतीस किलोंच्या आसपास पोचली. हंगामात सर्वांचीच खुडणी वाढली, तरी तुलनेने चष्मेवाल्यांचे काम सुमारे २२ टक्क्यांनी अधिक ठरले आणि पन्नाशी उलटलेल्यांत हा फरक ३२ टक्क्यांच्या घरात होता. ‘दोन पाने आणि एक कळी नेमकी खुडावयाची तर ती दिसावयास हवी,’ काकू म्हणाल्या, ‘तुमच्या कपात जो चहा आहे तो कोणाच्या तरी डोळ्यांनी निवडलेला आहे.’ त्यानंतर काही वेळ कोणी बोलले नाही. कपबश्यांचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

मग एक आक्षेप आला, आणि तो रास्त होता. एका निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, ‘विडी ही काय चांगली वस्तू आहे? पिणाऱ्याची छाती जाते, वळणाऱ्याला तंबाखूची धूळ लागते. आपण त्या धंद्याला हातभार का लावावा?’ खोलीत कुजबुज झाली. काकूंनी शांतपणे उत्तर दिले, ‘ताई, विडी वाईट खरीच. पण अम्मांना धूसर दिसल्याने ती कमी वाईट होत नाही. उलट आज त्यांच्या जागी एक मूल त्या धुळीत बसले आहे. अम्मांना दिसू लागले तर त्या तांदळातील खडा पाहतील, औषधाच्या बाटलीवरचे नाव कोणाकडून तरी वाचून घेताना ती बाटली कोणती हे ओळखतील, आणि उद्या शिवणकाम शिकावेसे वाटले तर सुईत दोरा ओवतील. दुसरा धंदा धरावयालासुद्धा डोळेच लागतात.’ मुख्याध्यापिकाबाई यावर काही बोलल्या नाहीत. जाताना मात्र त्यांनी तपासणीच्या दिवशी नावे लिहून घेण्याचे काम आपणहून पत्करले.

पेटी सर्वांसमक्ष उघडली. ९,७४० रुपये निघाले.

पुढच्या रविवारी वस्तीजवळच्या शाळेत तपासणी झाली. शहरातील एका नेत्र रुग्णालयाने आपले तपासनीस विनामूल्य पाठविले. ७१ जणी आल्या. ५८ जणींना जवळचा चष्मा लागला, तोही बहुतेकींना अधिक दीड ते अधिक अडीच या नंबरांतला. ९ जणींना मोतीबिंदू निघाला, एकीच्या डोळ्यांतील दाब अधिक आढळला आणि तिघींना काहीच नको होते. चष्मा ठोक भावाने १३० रुपयांस पडला. तो फुकट द्यावयाचा नाही, प्रत्येकीकडून वीस रुपये घ्यावयाचे, असे आम्ही ठरविले होते. फुकट मिळालेली वस्तू खुंटीवर राहते आणि विकत घेतलेली डोळ्यांवर चढते, असा तपासनिसांचाही अनुभव होता. चष्म्यांचे ७,५४० रुपये वजा जाता आणि बायकांचे १,१६० जमा होता ३,३६० रुपये उरले. ते मोतीबिंदूच्या रुग्णांचे रिक्षाभाडे आणि सोबत जाणाऱ्या माणसाचा बुडालेला रोज यांसाठी ठेवले. शस्त्रक्रिया विनामूल्य असली तरी तेथवर जाणे विनामूल्य नसते, हे अनेकदा ध्यानात येत नाही. हा सर्व हिशेब आम्ही एका कागदावर लिहून आलेल्या प्रत्येकीच्या घरी पोचविला.

अम्मांना अधिक दोनचा चष्मा लागला. तो लावून त्यांनी प्रथम आपल्या हातांकडे पाहिले. नखांत बसलेला जर्दा त्यांना दिसला असावा. त्या पदराने बोटे पुसू लागल्या. नंतर त्यांनी नातीचे तोंड जवळ ओढून पाहिले आणि ‘इसके माथे पर यह निशान कब लगा?’ असे विचारले. तो व्रण तीन वर्षांपूर्वीचा होता.

छाट महिन्याभरात पुष्कळ कमी झाली. नातीचे नाव शाळेत पुन्हा घातले गेले, मात्र बुडालेल्या महिन्यांमुळे तिला पाचवीच पुन्हा करावी लागणार आहे. सर्व गोष्टी ठाकठीक झाल्या असे म्हणणे खरे होणार नाही. काही चष्मे घरातील पुरुषांनी घेतले, दोन फुटले, आणि मोतीबिंदूच्या नऊ जणींपैकी तिघी अद्याप शस्त्रक्रियेला तयार नाहीत. त्यांच्या मनातील भीती चहाच्या एका कपाने जाणारी नव्हे. त्यासाठी पुनःपुन्हा जावे लागेल, शक्य तर शस्त्रक्रिया झालेल्या एखाद्या बाईला बरोबर घेऊन.

ज्यांना असे चहापान करावयाचे असेल त्यांना एकच सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. तपासणीवाचून चष्मे वाटू नयेत. धूसर दिसण्यामागे दर वेळी चाळीशीच असते असे नाही. काचबिंदूत डोळ्यांतील दाब बहुधा वेदना न होता नजर कमी करीत नेतो आणि गेलेली नजर परत येत नाही. औषधाने राहिलेली राखता येते. मधुमेहामुळे पडद्यावर होणारा परिणामही आरंभी जाणवत नाही, यास्तव मधुमेही माणसाने वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. आमच्याकडे जिच्या डोळ्यांतील दाब अधिक निघाला ती बाई केवळ शेजारणीची सोबत करावयास आली होती.

आणि हे काम वस्तीपासूनच सुरू करावे असेही नाही. आपल्या घरी आजी असतील, सासूबाई असतील, स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी असतील. शिवताना त्या सुईत दोरा ओवण्यासाठी नातवंडांना हाक मारतात काय, डाळ निवडताना परात उजेडाकडे सरकवितात काय, पोथी हात लांब करून धरतात काय, एवढे पाहावे. विचारल्यास त्या ‘आता वय झाले’ असेच म्हणतील. त्यावर विश्वास ठेवू नये. त्यांना हात धरून तपासणीला न्यावे.