कुवत : बुखाऱ्याहून धायरीपर्यंत

१/ धायरीतील एका घरात दहावीचा निकाल लागतो. मुलगा गणितात अनुत्तीर्ण. आजोबा निवाडा देतात, "त्याची तेवढी कुवतच नाही." मुलगा मान खाली घालतो. हा निवाडा ज्या शब्दावर उभा आहे, त्याचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

२/ 'कुवत' फारसीमार्गे मराठीत आली. मूळ अरबी 'कुव्वा', म्हणजे बळ. ॲरिस्टॉटलच्या 'द्युनामिस' या संज्ञेसाठी अरबी भाषांतरांत हाच शब्द योजला गेला. त्यामुळे त्यात आणखी दोन अर्थ सामावले : आत्म्याची शक्ती आणि अद्याप प्रत्यक्षात न उतरलेली शक्यता.

३/ बुखाऱ्याजवळ जन्मलेल्या इब्न सीनाने (९८०–१०३७) 'किताब अश्-शिफा'त या शक्तींची मांडणी केली. वनस्पतींत पोषण, वाढ व प्रजनन. प्राण्यांत त्यांखेरीज संवेदना व हालचाल. मनुष्यात त्याहून अधिक 'अक्ल', म्हणजे बुद्धी.

४/ प्राण्यांना पाच अंतरिंद्रियेही असतात, असे तो म्हणतो. 'खयाल' पाहिलेली रूपे जपून ठेवतो. 'वहम' न दिसणारे जाणतो : मेंढीच्या डोळ्यांना लांडग्याचा रंग व आकार दिसतो, त्याचे वैर मात्र वहमला कळते.

५/ १३४७मध्ये बहमनी सत्ता स्थापन झाली आणि दख्खनच्या दरबारांत फारसी रुजली. पुढे शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. दरबारी यावनी शब्दांना संस्कृत पर्याय मिळाले. तरी अक्कल, खयाल, वहीम, कुवत हे शब्द घरोघरी टिकले. अर्थ तेवढे आक्रसले : वहीम निव्वळ संशय झाला आणि कुवत माणसाची मर्यादा.

६/ इब्न सीना कुव्वाच्या तीन पायऱ्या सांगतो आणि दाखला देतो लेखनाचा. तान्ह्या बाळात लिहिण्याची कुव्वा असते, पण निव्वळ शक्यता म्हणून. दौत, लेखणी व अक्षरे ओळखू लागलेल्या मुलात ती एक पायरी पुढे येते. कसलेल्या लेखनिकात ती परिपूर्ण असते. त्या क्षणी तो लिहीत नसला, तरीही.

७/ या मांडणीत, अजून लिहिता न येणारे मूलही कुव्वाविना नाही. ते पहिल्या पायरीवर आहे इतकेच. बुद्धीच्या वाढीचे टप्पेही इब्न सीना याच पायऱ्यांच्या आधारे समजावतो.

८/ धायरीच्या त्या घरात आजोबांचे वाक्य कोणी खोडून काढलेले नाही. पुरवणी परीक्षेचा अर्ज भरायचा की नाही, हे मात्र अजून ठरायचे आहे.