होड्या शाकारायचे दिवस

मे महिन्याच्या अखेरीस एका लग्नासाठी दापोलीला गेलो होतो. मधे एक दिवस मोकळा मिळाला, तेव्हा एस.टी.ने हर्णै गाठले. मासळीचा लिलाव ऐकावा आणि सुवर्णदुर्ग डोळे भरून पाहावा, एवढाच बेत. किल्ला होता तसाच पाण्यात उभा. २०२५ साली त्याचे नाव जागतिक वारशाच्या यादीत गेले म्हणून त्याचा रुबाब काही बदललेला नाही! बंदर मात्र रिकामे होत चालले होते. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. पावसाळी लाटांपुढे उघड्या बंदरात होडीचा निभाव लागत नाही, म्हणून बऱ्याच होड्या शेजारच्या आंजर्ल्याच्या खाडीत आणतात. मीही तिकडेच वळलो.

काठावर होड्या शाकारण्याची धांदल होती. कोणी झाप बांधत होते, कोणी प्लॅस्टिकचा कागद. एका होडीच्या पोटात म्हातारे तांडेल इंजिनाशी बसले होते. मी घाटावरचा शेतकरी, विहिरीवर डिझेल इंजिन आहे म्हटल्यावर म्हणाले, "मग या की खाली, पाव्हणं. बघा."

इंजिन थंड राखायला समुद्राचेच पाणी फिरवतात. ते आत राहिले तर दोन महिन्यांत मीठ लोखंड खाते. म्हणून त्यांनी पाणी ओढणारी नळी गोड्या पाण्याच्या पिंपात सोडली आणि इंजिन चालू केले. पिंप रिकामे व्हायच्या आत बंद केले, कारण कोरडा चालला तर पंपातला रबरी पंखा जळतो. मग सगळे पाणी काढून टाकले. इंजिन गरम आहे तोवर जुने ऑइलही काढले. गरम ऑइल पातळ होऊन गाळासकट खाली येते. जुन्या ऑइलात आम्ल आणि पाणी असते, ते पावसाळाभर बेअरिंगशी ठेवायचे नाही. नवे ऑइल आत्ताच भरायचे, ऑगस्टात नव्हे.

डिझेलची टाकी त्यांनी काठोकाठ भरली. मला नवल वाटले. ते म्हणाले, "अर्धी टाकी म्हणजे अर्धी हवा. हवेतली ओल आत सुटते, पाणी तळाला बसतं."

शेवटी इंजेक्टर काढून सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडले, इंजिन हाताने दोन-चार फेरे फिरवले, आणि धुराच्या नळीत तेलकट चिंधीचा बोळा कोंबला. बोळ्याची आठवण राहावी म्हणून हँडलला लाल फडके बांधले. थंड मुलुखात हिवाळ्यात होड्या ठेवताना पाणी गोठण्याची भीती असते. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते आणि इंजिनाचे बीड तडकते. म्हणून तिथे न गोठणारे द्रव भरतात. आपल्याकडे वैरी दोनच, मीठ आणि ओल.

तांडेलांच्या पुतण्याने मागच्या वर्षी हे सारे कंटाळ्याने टाळले होते. ऑगस्टात इंजिन हलेचना. शेजारच्या होड्या भरून येत होत्या आणि हा तीन आठवडे काठावर, डोक्यावर जाळ्यांचे कर्ज. यंदा तोच पोरगा निमूटपणे पिंपात पाणी ओतत होता.

मी काही बोललो नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या विहिरीवरच्या इंजिनाच्या धुराड्यावर साधा डबाही उपडा घातला नव्हता. पावसाचे पाणी आत गेले, पिस्टन चिकटला, आणि हरभऱ्याचे पहिले पाणी शेजाऱ्याच्या मोटारीवर मागून द्यावे लागले. तेव्हा दोष मी मिस्त्रीला दिला होता.

निघताना पोरगा बॅटरी पोत्यात गुंडाळून डोक्यावरून घरी नेत होता. "महिन्यातून एकदा चार्ज कर रे!" तांडेल मागून ओरडले. आंजर्ल्याच्या पुलावर पोहोचतो तो पावसाचे टपोरे थेंब आले. मी तिथूनच घरी फोन लावला आणि मुलाला म्हटले, आधी विहिरीवर जा, धुराड्यावर डबा घाल.