वाळूतला काळा मणी

मे महिन्यात लेकीकडे लिव्हरपूलला गेलो होतो. एका रविवारी जावई म्हणाले, "बाबा, फॉर्मबीला जाऊ. तिथे तांबड्या खारी दिसतात." लोकल गाडीने अर्ध्या तासाचा प्रवास. पाइनच्या रानातून चालत गेलो की समोर वाळूच्या टेकड्या आणि पलीकडे आयरिश समुद्र.

खारी काही दिसल्या नाहीत. मी मात्र उत्साहाने लाकडी फळ्यांची वाट सोडून थेट टेकडी चढलो. मागून येणारा सात वर्षांचा नातू एकदम ओरडला, "आजोबा, मणी!"

मॅरम गवताच्या बुंध्याशी वाळलेला काडीकचरा होता. त्याने तो सारताच खालून काळा, चकचकीत, गोलसर भुंगेरा चालू लागला. जेमतेम पाच मिलिमीटरचा! मंगळसूत्र तुटून मणी वाळूत पडावा तसा.

घरी येऊन नाव शोधले : एजिआलिया अरेनारिया. फाब्रिसियस या डॅनिश शास्त्रज्ञाने १७८७ मध्ये त्याची नोंद केली. आपल्या शेणकिड्यांच्याच भाऊबंदांतला. पण हा शेणाच्या वाटेला जात नाही. गवताच्या मुळाशी कुजणाऱ्या पाल्यावर जगतो. त्याला उडता येत नाही.

हे वाचले आणि मनात चर्र झाले. फॉर्मबीचा किनारा वर्षाला सरासरी चार मीटर मागे सरकतो. २०१३-१४ च्या हिवाळी वादळांत तर तेरा मीटरपर्यंत वाळू गेली. ज्याला पंख नाहीत, त्याने जायचे कुठे? त्याला आधार एकच, मॅरम गवत. वाळूत गाडले गेले तरी ते वर येते आणि टेकडी धरून ठेवते. या किनाऱ्यावरचे गवत कोणी कापू नये म्हणून पार्लमेंटने १७४२ मध्येच कायदा केला होता. पण पायांखाली तुडवले गेले की तेही मरते, आणि उघडी पडलेली वाळू वाऱ्यावर उडते. त्या टेकडीवर माझ्याही चपलांचे ठसे होते.

नातवाने तो मणी गोळ्यांच्या रिकाम्या डबीत घालून घरी आणला होता. दुसऱ्या दिवशी दोघेच पुन्हा गाडीत बसलो. या वेळी फळ्यांच्या वाटेनेच गेलो. वाटेच्या कडेला, गवताच्या बुंध्याशी डबी उपडी केली. क्षणात तो वाळूत दिसेनासा झाला.

बेळगावाहून आपण गोव्याच्या किनाऱ्यावर नेहमीच जातो. तिथे वाळू धरून ठेवते ती जांभळ्या फुलांची मर्यादवेल. आजवर तिच्यावरच चटई पसरून बसत आलो. आता नाही बसवणार.