परदेशांतला रविवार

आमच्या कोपरगांवच्या बेटांत, गोदावरीच्या कांठीं, शुक्राचार्यांचें मंदिर आहे. रविवारीं सकाळीं तिकडे एक फेरी मारावयाची हा माझा जुना परिपाठ. पन्नाशी उलटलेल्या मनुष्यानें चालावें असें डॉक्टर सांगतात, आणि देवदर्शनाला जातों असें मी घरीं सांगतों. एका फेरींत दोघांचेंही समाधान होतें.

गेल्या पावसाळ्यांतली गोष्ट. नदीला नवें पाणी आलें होतें. कांठावरच्या एका दगडावर माझा एक विद्यार्थी एकटाच पाण्याकडे पाहत बसला होता. त्याचें घर टांझानियांत. सोमवार ते शनिवार तो माझ्या वर्गांत तिसऱ्या बांकावर असतो, आणि त्यापलीकडे त्याच्याविषयीं मला कांहींच ठाऊक नव्हतें. मला पाहतांच तो उठून उभा राहिला. "इकडे कोणीकडे?" मीं विचारलें.

"कांहीं नाहीं, सर. आज रविवार आहे."

"बरें, बरें," असें म्हणून मी पुढें चालूं लागलों.

घरीं चहा घेतां घेतां ही हकीगत मीं पत्नीला सांगितली. ती म्हणाली, "अहो, मग त्याला जेवायला कां नाहीं घेऊन आलांत?" मीं तत्काळ तीन कारणें दिलीं. तो काय खातो हें आपल्याला माहीत नाहीं; आपल्या घरांत मांसाहार होत नाहीं; आणि एकाच विद्यार्थ्याला बोलावलें तर इतरांना काय वाटेल? तिसरें कारण तोंडांतून बाहेर पडतां पडतां माझा मीच ओशाळलों. तीस वर्षांपूर्वीं दुसऱ्या एका घरांतल्या माणसांनाही अशींच कारणें सुचलीं असतील. त्यांनीं तीं बाजूला सारलीं नसतीं, तर आज सांगण्यासारखे दोन दिवस माझ्या गांठीं नसते.

१९९३ सालीं मी इंग्लंडांत, लीड्सच्या विद्यापीठांत, इंग्रजी वाङ्मय शिकावयास गेलों होतों. परदेशीं गेलेल्या मुलाचे पांच दिवस कसे जातात हें पुष्कळांनीं लिहिलें आहे. व्याख्यानें, ग्रंथालय, थंडी आणि निबंध यांत ते जातातच. खरा प्रश्न उरतो तो शनिवार-रविवारचा. शुक्रवारीं संध्याकाळीं वसतिगृहांतून पिशव्या बाहेर पडूं लागत. कोणी घरीं जाई, कोणी मैत्रिणीकडे. रविवारीं बहुतेक दुकानें त्या काळीं बंद असत. दुपारीं चार वाजतां दिवे लागत. आमच्या घरीं टेलिफोन नव्हता. आईला पाठविलेल्या एरोग्रामचें उत्तर यावयास तीन आठवडे लागत. अशा एका रविवारीं मी जिन्यांत नुसताच बसलों असतां माझ्या वर्गांतल्या एका इंग्रज मुलानें विचारलें, "येथें काय करतोस?" मीं म्हटलें, "कांहीं नाहीं, रविवार आहे."

तो मनुष्य मात्र "बरें, बरें" म्हणून पुढें गेला नाहीं. पुढच्याच शनिवारीं त्यानें मला आपल्या गाडींत बसविलें. म्हणजे आगगाडींत. लीड्सहून सेटलमार्गें कार्लाईलला जाणारी ही लाईन १८७६ सालीं उतारूंसाठीं सुरू झाली, आणि बंद पडतां पडतां १९८९ सालीं वांचली. सेटलच्या स्टेशनावर त्याचे वडील उभे होते. ते मेंढ्या पाळीत. त्यांनीं माझा हात हातांत घेतला, तेव्हां त्या तळव्याचा खरखरीतपणा मला एकदम ओळखीचा वाटला. आमच्याकडे उंसाच्या फडांत पाण्याच्या पाळ्या धरणाऱ्या माणसांचे हात असेच असतात.

घराच्या दारांतच सर्वांनीं चिखलाचे बूट काढून ठेवले. इंग्रज मनुष्य बूट घालून झोंपतो अशी माझी समजूत होती. तिचा पहिल्या मिनिटांत निकाल लागला. मी शाकाहारी आहें ही वार्ता मित्रानें आधींच घरीं पोंचविली होती, आणि तिनें त्याच्या आईची आठवडाभर झोंप उडविली होती. शेवटीं तिनें ग्रंथालयांतून पाकशास्त्राचें एक पुस्तक आणून मसुरीची डाळ शिजविली. तीस ना फोडणी, ना हिंग, ना हळद. वर अजमोदाचीं पानें तेवढीं पसरलेलीं. "तुमच्याकडे असेंच करतात ना?" असें तिनें विचारलें. मीं मान डोलाविली आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलें. खोटें बोलण्याचे प्रसंग आयुष्यांत पुष्कळ आले. पण त्या खोट्याचा मला अद्याप पश्चात्ताप झालेला नाहीं.

दुपारीं वडिलांनीं आम्हां दोघांना माळावर नेलें. त्या प्रदेशांत शेतांना कुंपण असतें तें दगडी भिंतींचें, आणि त्या भिंतींना चुना, माती, सिमेंट यांतलें कांहींही लागत नाहीं. थंडीनें एके ठिकाणीं भिंत ढांसळली होती, ती उभी करावयाची होती. तेव्हां कळलें, कीं ती एक भिंत नसून दोन असतात. बाहेरून दोन पदर, मधें बारीक दगडांची भर, आणि ठराविक उंचीवर दोन्ही पदरांना आरपार धरून ठेवणारे लांब दगड. प्रत्येक दगड खालच्या दोन दगडांवर बसला पाहिजे. सांध्यावर सांधा येतां कामा नये. मीं बसविलेले पहिले चार दगड वडिलांनीं कांहींएक न बोलतां काढून पुन्हां बसविले. पांचवा तसाच राहूं दिला. पदवीदान समारंभांतही मला एवढा आनंद झाला नाहीं.

रात्रीं शेकोटीपाशीं गप्पा रंगल्या आणि मला वक्तृत्वाची लहर आली. आमच्या देशांत अतिथि म्हणजे देव, असें मीं संस्कृत वचनासह सांगितलें. आई विणतां विणतां ऐकत होती. ती म्हणाली, "किती छान! मग तुमच्या गांवीं बाहेरून शिकावयास आलेलीं मुलें रविवारीं कोणाकडे जातात?"

तिच्या प्रश्नांत टोंचणी नव्हती; तिला खरोखरच जाणून घ्यावयाचें होतें. मीं आजोबांची गोष्ट सांगितली. ते पुण्यास वार लावून शिकले. सोमवारीं एका घरीं जेवण, मंगळवारीं दुसऱ्या. आई खूष झाली. "आणि आतां?" तिनें विचारलें. आतां वार राहिले नव्हते. मुलें भाड्याच्या खोल्यांतून राहत, आणि कोणाकोणाचा डबा गांवाहून एस. टी. नें येई. शिवाय दुसरी एक गोष्ट मला ठाऊक होती, ती मीं त्या रात्रीं सांगितली नाहीं. आजोबांचे साती वार आपल्याच जातींतल्या घरीं होते. अतिथि देव खरा. पण तो कोणत्या कुळांतला आहे याची चौकशी दारांतच होत असे.

रविवारीं जेवणानंतर तिनें माझ्या हातांत पुसण्याचा टॉवेल दिला. "पाहुणा कालपर्यंत," ती म्हणाली. मीं बशा पुसल्या, आणि परदेशांत आल्यापासून पहिल्यांदाच आपण कोठें तरी आहों असें मला वाटलें. निघतांना तिनें पत्र्याच्या डब्यांत केक भरून दिला आणि बजावलें, "डबा मात्र परत आणून द्यायचा." पुढच्या महिन्यांत आईनें पोस्टानें धाडलेला चिवडा भरून मी तो डबा परत घेऊन गेलों. वर्षभरांत त्या डब्याच्या किती खेपा झाल्या, हें आतां आठवत नाहीं.

अशा घरांचें ऋण आपल्या लोकांवर फार जुनें आहे. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्या, त्या न्यू जर्सींतल्या रोझेल गांवीं कार्पेंटरबाईंच्या घरीं उतरल्या. दांतांच्या डॉक्टराकडे बसल्या असतां चाळलेल्या एका मासिकांत या बाईंनीं गोपाळरावांचें पत्र वाचलें आणि ओळखदेख नसतांना आनंदीबाईंना लिहिलें. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयानें १८८६ सालीं त्यांना डॉक्टर केलें. पुढच्याच वर्षीं पुण्यास त्या वारल्या. त्यांची रक्षा अमेरिकेस गेली, आणि कार्पेंटरबाईंनीं ती आपल्या कुटुंबाच्या दफनभूमींत ठेविली. पाहुणी म्हणून आलेल्या मुलीला त्या घरानें आपल्या माणसांत अशी कायमची जागा दिली.

आणि त्याही पूर्वींचा परदेशस्थ विद्यार्थी तर आमच्या बेटांतलाच! बृहस्पतीचा मुलगा कच संजीवनी विद्या शिकण्यासाठीं शत्रूच्या गुरूकडे, शुक्राचार्यांकडे आला, तो आश्रम येथेंच होता असें आमच्याकडे मानतात. येथल्या दानवांनीं त्याला तीनदां मारलें. देवयानीच्या आग्रहामुळें तो तिन्ही वेळां जगला. म्हणजे विद्या गुरूनें दिली खरी, पण परक्या गांवांत त्याला जिवंत ठेवलें तें घरांतल्या एका मुलीनें. पुढें देवयानीचा मनोभंग झाला आणि तिनें शाप दिला, कीं ही विद्या तुला फळणार नाहीं. कच म्हणाला, न फळो. मी जिला किंवा ज्याला शिकवीन, त्याला तरी फळेल.

पुढच्या रविवारीं तो विद्यार्थी आमच्याकडे जेवावयास आला. बोलावणें माझ्या तोंडून गेलें, पण तें पत्नीचें होतें. तो घटकाभर अवघडून बसला; मग तिनें त्याच्यापुढें भुईमुगाच्या शेंगांचें सूप सरकविलें आणि म्हणाली, "एवढ्या फोडून द्या." शेंगा फोडतां फोडतां त्यानें माझ्या मुलीला सांगितलें, कीं स्वाहिलींत चहाला चायच म्हणतात, चपातीला चपाती, दुकानाला दुका आणि गाडीला गारी. भाकरीचें पीठ मळतांना पाहून तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "माझी आई मक्याच्या पिठाची उगाली करते." तीस वर्षांपूर्वींची ती बिनफोडणीची डाळ मला आठवली, आणि मीं त्याला विचारलें, "कोपरगांवांत किती दिवस झाले तुला?"

"दोन वर्षें, सर."

मला पुढें कांहीं विचारवेना. शंभर रविवार होऊन गेले होते.

तो निघाला तेव्हां पत्नीनें डब्यांत चार लाडू भरले. केकच्या डब्याची गोष्ट तिनें माझ्या तोंडून लग्नानंतर शंभर वेळां तरी ऐकली असेल. मीं ती नुसती सांगत आलों. तिनें ती ऐकतां ऐकतां शिकून घेतली.

"डबा परत आणायचा हं," ती म्हणाली.

बुधवारीं वर्ग सुटल्यावर तो माझ्या टेबलाशीं आला. डबा घांसून लख्ख केला होता, आणि आंत भाजलेले शेंगदाणे होते.