कुंभोजजवळची बाहुबलीची टेकडी

मैत्रिणींनो, कोल्हापूरला येणाऱ्या पाहुण्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. अंबाबाईचं दर्शन, रंकाळ्यावर फेरफटका, जोतिबा, पन्हाळा आणि जाताना चपला, गूळ न् मसाला. यात वावगं काहीच नाही. पण हाताशी एखादा दिवस जादा असेल तर पश्चिमेऐवजी पूर्वेची वाट धरा आणि हातकणंगले तालुक्यातली, कुंभोज गावाजवळची बाहुबलीची टेकडी पाहून या. कोल्हापूरपासून साधारण तीस किलोमीटर. तिथं किल्ला नाही, धबधबा नाही, थंड हवाही नाही. तरी मुलांना, त्यातून मुलींना घेऊन आवर्जून जावं असं ते ठिकाण आहे. का, ते सांगते.

आधी जायचं कसं ते पाहू. मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्गावर हातकणंगले स्टेशन लागतं. तिथून नेजवरून कुंभोजला जाणारा रस्ता टेकडीच्या पायथ्याशी नेऊन सोडतो. एस.टी.नं जाणार असाल तर २०२३ पासून राज्यात आपल्याला अर्धं तिकीट आहे, तेव्हा खर्चाचं कारण घरात कुणी पुढे करू नये! पावसाळा संपता संपता गेलात तर सगळं हिरवंगार दिसतं. थंडीत चढायला सोपं जातं. उन्हाळ्यात मात्र सकाळी लवकर पोचा. दगडी पायऱ्या अशा तापतात की पोरं रडकुंडीला येतात.

डबा नेणार असाल तर एक लक्षात ठेवा. हे जैनांचं तीर्थक्षेत्र आहे. कांदा-लसूण, बटाटा नको आणि जेवण दिवस मावळायच्या आत उरकायचं. आपल्या कोल्हापूरकरणींना लसणाशिवाय चटणी म्हणजे संकटच! पण भाजलेले शेंगदाणे, जिरं, तिखट, मीठ आणि किंचित गूळ घालून कुटून पाहा. दुधात भिजवलेल्या दशम्यांबरोबर ही चटणी इतकी छान लागते की लसणाची आठवणसुद्धा होत नाही. दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात, हा आणखी फायदा.

तीनेकशे वर्षांपूर्वी बाहुबली नावाच्या एका मुनींनी या टेकडीवर तप केलं, म्हणून तिला हे नाव पडलं असं सांगतात. १९३४ साली समंतभद्र महाराजांनी इथं आश्रम आणि गुरुकुल सुरू केलं. त्याआधी १९१८ मध्ये त्यांनी विदर्भात कारंजा इथं असंच गुरुकुल काढलं होतं. म्हणजे हे ठिकाण जितकं देवाचं, तितकंच शाळेचं. इथली भगवान बाहुबलींची संगमरवरी मूर्ती १९६३ साली उभारली. ती अठ्ठावीस फूट उंच आहे.

मूर्तीसमोर उभं राहिलं की मुलं हमखास विचारतात, "आई, देवानं कपडे का नाही घातले?" तेव्हा गप्प बस म्हणून दटावू नका. गोष्ट सांगा. पहिले तीर्थंकर ऋषभदेव यांचे भरत आणि बाहुबली हे दोन मुलगे. राज्यासाठी दोघांचं वैर झालं. उगाच सैन्य मरायला नको म्हणून दोघांनीच लढावं असं ठरलं. एकमेकांकडे टक लावून पाहण्याची लढाई, पाण्यातली लढाई आणि शेवटी कुस्ती. कुस्तीचं नाव काढलं की आपली कोल्हापूरची पोरं कान टवकारतात! तिन्हींत बाहुबली जिंकले. पण थोरल्या भावाला उचलून धरलं आणि त्याच क्षणी त्यांना राज्याचा वीट आला. भावाला अलगद खाली ठेवून, अंगावरच्या वस्त्रासकट सगळं सोडून ते तपाला उभे राहिले. वर्षभर उभेच. पायांवर वेली चढल्या तरी हलले नाहीत. "जिंकल्यावर सोडलं, हरल्यावर नाही," एवढं मुलांच्या ध्यानात आलं तरी पुरे.

या गोष्टीतल्या दोन बहिणी मात्र आपण विसरतो. ब्राह्मी आणि सुंदरी, ऋषभदेवांच्या मुली. त्यांनी ब्राह्मीला अक्षरं शिकवली आणि सुंदरीला अंक. ब्राह्मी लिपीला नाव मिळालं ते याच मुलीचं, असं जैन परंपरा मानते. श्वेतांबर परंपरेत तर पुढंही आहे. वर्षभर तप करूनही बाहुबलींना ज्ञान होईना, तेव्हा या बहिणीच येऊन म्हणाल्या, "दादा, हत्तीवरून खाली उतर." हत्ती म्हणजे मनातला अहंकार. तो उतरला आणि ज्ञान झालं. शाळेत गणिताच्या तासाला "बाई, मुलींना गणित जमत नाही ना?" असं मुलंच काय, मुलीही म्हणतात. त्यांना मी आता सुंदरीची गोष्ट सांगते.

मग पायऱ्यांनी वर चला. चारेकशे पायऱ्या आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर बसत बसत चढा, घाई काय आहे? वर दिगंबर आणि श्वेतांबर अशी दोन्ही पंथांची मंदिरं आहेत. दर्शन झालं की जरा कडेला उभं राहून भोवती पाहा. जिकडेतिकडे उसाचे हिरवे पट्टे, मधे कौलारू आणि सिमेंटची घरं, उत्तरेला वारणेचा मुलूख. वाऱ्यानं ऊस हलतो तेव्हा सगळं शिवार एकदम कूस बदलल्यासारखं वाटतं.

खाली जवळच दिसतं ते कुंभोज. २२ सप्टेंबर १८८७ ला कर्मवीर भाऊराव पाटलांचा जन्म या गावात झाला. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एका पंगतीला जेवत. या वसतिगृहाला १९२७ साली गांधीजींच्या हस्ते शाहू छत्रपतींचं नाव दिलं गेलं. हे आपण पुस्तकात वाचलेलं असतं. पण त्या मुलांचा रोजचा स्वयंपाक कोण बघत होतं? कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई. सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेली ही बाई सगळ्या जातींच्या मुलांची आई झाली. धान्य संपलं तेव्हा अंगावरचे दागिने एकेक करून दिले आणि शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. १९३० मध्ये त्या गेल्या. आपल्यापैकी कितीजणींना परक्या मुलांच्या दोन वेळच्या भाकरीसाठी गळ्यातलं काढून देता येईल? टेकडीवरून कुंभोजकडे बघताना मला मूर्तीइतकीच त्यांची आठवण झाली.

आम्ही उतरलो तेव्हा रस्त्याकडेच्या शेतात ऊसतोड चालली होती. बायका उसाच्या मोळ्या डोक्यावरून ट्रॉलीपर्यंत नेत होत्या. बांधावर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी कडेवर धाकट्या भावाला घेऊन उभी होती. माझ्या लेकीनं विचारलं, "तू कितवीत?" ती म्हणाली, "तिसरीला हाय. पण गावाकडं गेल्यावर." गाव बीडकडचं. टोळी दिवाळीच्या सुमारास येते आणि परतते पाडव्याच्या आसपास. म्हणजे अर्धं वर्ष शाळेविना. आणि हे कुठे, तर ब्राह्मी-सुंदरीची गोष्ट सांगणाऱ्या टेकडीच्या पायथ्याशी, कर्मवीरांच्या जन्मगावाच्या शिवारात.

म्हणून एक गोष्ट सगळ्याजणींनी लक्षात ठेवा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वर्षाच्या मध्येही जवळच्या शाळेत प्रवेश मिळतो. दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. हे टोळीतल्या आईबापांना बहुधा माहीत नसतं. आपल्या गावाबाहेर अशा पालांची वस्ती पडली तर तिथल्या आयांना हे सांगा आणि जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापकांनाही कळवा. दागिना मोडावा लागत नाही, दुपारचा एक तास जातो.

तर मैत्रिणींनो, एखादा रविवार काढाच. दशम्या बांधा, पाण्याच्या बाटल्या घ्या, मुलींना बरोबर घ्या. पिशवीत चार कोऱ्या वह्या आणि पेन्सिली टाकायला विसरू नका. त्या टेकडीखाली कुणाला तरी नक्की लागतील.